सांधा कोण तपासणार?

प्रति,
माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

माननीय मंत्रिमहोदय,



हे पत्र एका मर्यादित विषयापुरते आहे. ऑफ-रोड गाड्यांचे ॲक्सल घराच्या अंगणात किंवा गल्लीतल्या गॅरेजात कापले जातात, वेल्ड होतात, बळकट करून पुन्हा गाडीखाली चढतात, त्याविषयी मला बोलायचे आहे. जुनी जिप्सी, एमएम ५४०, लष्कराच्या ताफ्यातून बाहेर पडलेली जोंगा, अलीकडची थार अशा गाड्या दगडधोंड्यांच्या आणि चिखलाच्या वाटांवर नेणारे लोक महाराष्ट्रात आणि गोव्यात आता थोडेथोडके नाहीत. गाडीला मोठे टायर बसले की मूळचा ॲक्सल अपुरा पडतो. मग भंगारबाजारातून जड गाडीचा ॲक्सल शोधायचा, तो आपल्या गाडीच्या रुंदीला कापून जोडायचा, नाहीतर आहे त्यालाच वरून पट्ट्या मारून ताकद द्यायची. आपला कायदा या सगळ्याला एकच उत्तर देतो : नको. या नकाराने काम थांबलेले नाही, ते फक्त तपासणाऱ्यांच्या नजरेबाहेर गेले आहे, असे माझे म्हणणे आहे. ॲक्सलच्या कोणत्या भागाला वेल्डिंग चालते आणि कोणत्या भागाला कधीच चालत नाही, हे धातूनेच ठरवून ठेवलेले आहे. तोच भेद नियमात यावा, चालणाऱ्या सांध्याची परीक्षा व्हावी आणि तिची नोंद गाडीच्या कागदपत्रांवर यावी, एवढी माझी मागणी आहे. तिच्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

लोक ॲक्सलला हात का लावतात, इथून सुरुवात केली पाहिजे, कारण हा निव्वळ दिखाऊपणाचा छंद आहे असा समज सरकारी कचेऱ्यांत सहज होऊ शकतो. गाडी दगडावर चढते तेव्हा डिफरन्शियलच्या गोळ्याच्या आणि जमिनीच्या मध्ये किती जागा उरते, हा पहिला प्रश्न असतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी हा गोळा वर जात नाही, तो फक्त टायरची त्रिज्या वाढल्यानेच वर जातो. म्हणून मोठे टायर येतात. टायर २९ इंचांवरून ३५ इंचांवर गेला की चाकाच्या केंद्रापासून जमिनीपर्यंतचा दांडा सुमारे एक पंचमांशाने लांबतो, म्हणजे तेवढीच पकड असली तरी ॲक्सल शाफ्टवर पडणारा पीळ वीस टक्क्यांनी वाढतो. त्यात रुंद टायर बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे हाउसिंगच्या, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, नळीला वाकवणारा जोरही वाढतो. आणि चाक दोन दगडांच्या फटीत अडकलेले असताना लो गिअरमध्ये वाढलेला इंजिनाचा जोर त्या शाफ्टवर येतो. मूळ कारखान्याने हा हिशेब केलेला नसतो, त्याने तो त्याच्या टायरसाठी केलेला असतो. म्हणजे मोठे टायर लावून मूळ ॲक्सल तसाच ठेवणारा मालक ॲक्सल बळकट करणाऱ्यापेक्षा जास्त धोका पत्करतो. रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दोघांच्याही गाडीत सारखेच मोठे टायर दिसतात.

आता धातूकडे येतो, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. बाहेरून ॲक्सल ही एकच लोखंडी वस्तू वाटते. पण जड गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या प्रकारात मधला गोळा ओतीव असतो, आपल्याकडचे कारागीर ज्याला बीड म्हणतात त्या जातीचा. त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या दाबून घातलेल्या असतात आणि थोड्या जागी वेल्डिंगने अडकवलेल्या असतात. नळीच्या आत पाणी दिलेल्या पोलादाचा शाफ्ट फिरतो. एकाच ॲक्सलमध्ये अशा तीन जातींचे लोखंड असते. नळीचे पोलाद मऊ असते, कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत. ते नीट वेल्ड होते, आणि त्यावर कमानपाट्यांच्या बैठका सरकवणे, शॉकॲब्सॉर्बरचे कान लावणे ही कामे जाणता माणूस विश्वासाने करू शकतो. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. वेल्डिंगच्या कडेला तो झटकन तापतो आणि झटकन थंड होतो, तेव्हा तिथे काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. गोळा आधी सबंध तापवून घेणे, निकेलचा रॉड वापरणे, छोटे छोटे रन, म्हणजे वेल्डिंगच्या ओळी, मारणे, आणि काम झाल्यावर राखेत किंवा उष्णतारोधक कापडात गुंडाळून रात्रभर हळूहळू निवू देणे, हे सगळे सांभाळले तरच तो सांधा टिकतो. तिसरे लोखंड शाफ्टचे. आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत ईएन २४ किंवा त्याच्या जवळपासचे पोलाद, उष्णतेने कठीण केलेले. लोहाराने विळ्याला दिलेले पाणी विळा पुन्हा भट्टीत घातला की उतरते, तसेच शाफ्टचे पाणी वेल्डिंगच्या आचेने उतरते. आचेच्या लगतची पट्टी मात्र उलट जास्तच कडक आणि ठिसूळ होऊन बसते. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून पुन्हा वापरता येतो असे सांगणारा कारागीर कितीही अनुभवी असला तरी चूक सांगतो.

या चुकीची किंमत आकड्यात दाखवता येते. मोठ्या टायरच्या गाडीचे चाक एका किलोमीटरला साडेतीनशे ते चारशे फेऱ्या मारते. दहा हजार किलोमीटरला ते पस्तीस ते चाळीस लाख फेऱ्या होतात. ज्या ॲक्सलमध्ये शाफ्टच गाडीचे वजनही पेलतो, त्यात शाफ्टचा प्रत्येक बिंदू फेरीगणिक एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. इतक्या वेळा वाकवलेले लोखंड त्याच्या कमाल ताकदीच्या कितीतरी खालच्या जोरालाही तुटते, आणि तुटण्याची सुरुवात वेल्डच्या काठावरच्या एखाद्या केसाएवढ्या खाचेतून होते. म्हणूनच अमुक रॉड वापरला, तो जास्त ताकदीचा आहे, या समर्थनात अर्थ नसतो. वेल्ड केलेल्या सांध्याचे आयुष्य रॉडच्या ताकदीपेक्षा त्या काठाच्या आकारावर जास्त अवलंबून असते. या प्रकारच्या ॲक्सलचा शाफ्ट तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह गाडीबाहेर येऊ शकते. जंगलवाटेवर ते झाले तर गाडी बसेल. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर झाले तर ते चाक समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल. तो दुचाकीस्वार या छंदात कुठेही सामील नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

वेल्डिंग चालणाऱ्या भागांतही घरी काय काय बिघडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. हाउसिंग वाकू नये म्हणून त्याच्यावर ट्रस बसवतात, म्हणजे घराच्या छपराला असते तशी पोलादी कैची. कल्पना उत्तम. पण वितळलेले लोखंड थिजताना आखडते. ३० सेंटिमीटरचा पट्टा ५०० अंशांनी तापला तर तो जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर वाढतो, आणि निवताना तेवढाच परत ओढला जातो. कैची वरच्या अंगाला असल्यामुळे ओढ वरच्या बाजूला बसते आणि ॲक्सलची दोन्ही टोके वर उचलली जातात. गाडीचे ओझेही हाउसिंगला नेमके त्याच दिशेने वाकवत असते. म्हणजे घाईने लावलेली कैची जे वाकणे टाळायला बसवली, तेच वाकणे पहिल्या दिवशी स्वतः करून ठेवते. टोक अर्धा अंश जरी फिरले तरी ३५ इंचांच्या टायरच्या माथ्यात आणि तळात आठ मिलिमीटरचा फरक पडतो. टायर आतून झिजतो, बेअरिंग तापते, सील गळू लागते. हे टाळायची रीत कारागिरांना ठाऊक आहे : आधी टॅक मारायचे, मग दोन-तीन इंचांचे रन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतके निवू द्यायचे, आणि आत एक सरळ तपासणी-दांडा घालून तो शेवटपर्यंत सहज सरकतो का ते पाहत राहायचे. या रीतीने एका हाउसिंगला अख्खा दिवस लागतो. सलग रन मारून तासाभरात उरकले तर बाहेरून दोन्ही कामे सारखीच दिसतात.

अर्थिंगचा चिमटा कुठे लावला, ही वरकरणी क्षुल्लक गोष्टही तशीच. चिमटा चाकाकडच्या हबला लावून हाउसिंगवर वेल्ड केले तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांच्या आणि कड्याच्या मध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि चकचकीत पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते बेअरिंग काही दिवसांनी गुरगुरू लागते आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो. रॉडचेही तसेच. गल्लीतल्या दुकानात ६०१३ सर्रास मिळतो, ग्रिल आणि दरवाज्यांना तो उत्तम. जाड नळीला ७०१८ हवा, त्यात हायड्रोजन कमी असतो. पण हा रॉड हवेतली ओल शोषतो, म्हणून वापरण्याआधी सुमारे ३०० अंशांवर तासभर शेकून घ्यावा लागतो. कोकणात जुलैमध्ये उघड्या पाकिटातला ७०१८ वापरणे म्हणजे नावाला कमी हायड्रोजन. ती ओल सांध्यात शिरली की तडा तिथल्या तिथे जात नाही. सांधा संध्याकाळी निर्दोष दिसतो आणि एक-दोन दिवसांनी, गाडी नुसती उभी असतानाही, आतून उकलतो. म्हणून जिथे वेल्डिंग गांभीर्याने होते तिथे अशा सांध्याची अखेरची तपासणी ४८ तास थांबून करतात. शेवटी खुद्द काम करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. हाउसिंगमध्ये गिअर ऑइल उरलेले असते, ब्रीदर बंद असेल तर आतली वाफ कोंडते. आणि ब्रेक साफ करायच्या काही स्प्रेंमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असते. त्याने पुसलेला भाग ओला असतानाच वेल्डिंगची ज्वाळा लागली तर फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला गेलेला तोच वायू. अंगणात एकट्याने काम करणाऱ्या मुलाला हे कोणी सांगायचे? ज्या कामाला अधिकृतपणे अस्तित्वच नाही, त्याचे प्रशिक्षणही कुठे असत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. या तरतुदींमागचा हेतू मला मान्य आहे. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर, वाट्टेल तशा वाढवलेल्या बॉडी, डोळे दिपवणारे दिवे यांनी लोक त्रासले होते. पण कलमाची मोजपट्टी कागदाची आहे. नोंदणी प्रमाणपत्रात रंगाचा रकाना आहे, व्हीलबेसचा आहे, रिकाम्या गाडीच्या वजनाचा आहे. सांध्याचा नाही. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून पुन्हा आत सरकवला तर प्रमाणपत्रातला एकही तपशील बदलत नाही. उलट एखाद्याने सगळा हिशेब करून, सबंध जड ॲक्सल त्याच्या मोठ्या ब्रेकसकट बसवला तर वजन बदलते, रुंदी बदलते, आणि तो सरळ कलमात सापडतो. ज्या कामाने माणूस मरू शकतो ते कागदाला दिसत नाही आणि जे काम गाडी अधिक सुरक्षित करू शकते ते पहिल्या नजरेत भरते, अशी ही उलटी रचना आहे.

बंदीचा कारागिरांवर काय परिणाम होतो, याचाही विचार व्हावा. ज्या वेल्डरकडे प्रमाणपत्र आहे, ज्याला कारखान्यांची कामे मिळतात, तो असल्या कामाला हात लावून आपली पत धोक्यात कशाला घालील? तो नाही म्हणतो. मग काम त्याच्याकडे जाते ज्याला गमावण्यासारखे काही नाही. पावती नसते, कोणता रॉड वापरला याची नोंद नसते. तपासणी करून देणारी प्रयोगशाळाही अशा वस्तूवर शिक्का मारायला कचरते, कारण वस्तूच बेकायदा. सांधा लगोलग घासून त्यावर काळा रंग मारला जातो, आणि त्या रंगाखाली काय आहे हे पुढे ती गाडी विकत घेणाऱ्यालाही कळत नाही. ही गाडी दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती जाते. नव्या मालकाला कैचीची फक्त शोभा दिसते.

दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच देशात रुळलेला आहे. सीएनजी किट पाहा. गाडीत ज्वलनशील वायूची टाकी बसवणे हा काही लहान बदल नव्हे. तरीही सरकारने सरसकट नकार दिला नाही. किटला मान्यता, बसवणाऱ्याला मान्यता, नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी, अशी साखळी उभी केली. आणखी जवळचे उदाहरण साखर कारखान्याचे. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात गळिताच्या हंगामाआधी बॉयलरची दुरुस्ती होते. त्या नळ्यांना हात लावणारा वेल्डर आयबीआरची, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीची, परीक्षा दिलेला असावा लागतो. कोणता सांधा कोणी मारला याची नोंद राहते, दाबचाचणी होते, बॉयलर निरीक्षक पाहून जातो. बॉयलर फुटला तर माणसे मरतात हे ओळखून १९२३ च्या कायद्यापासून ही शिस्त घडली आहे. त्यामुळे बार्शी, कराड, श्रीरामपूर अशा गावांच्या आसपास हाताला शिस्त असलेले वेल्डर आज आहेत. त्याच परिसरात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे ॲक्सल मात्र साध्या वर्कशॉपमध्ये वेल्ड होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रीच्या रस्त्यावर धावतात. एकाच गावात, कधी कधी एकाच माणसाच्या हातून, एक सांधा परीक्षा देऊन पास होतो आणि दुसऱ्याला कोणी विचारत नाही. ऑफ-रोड गाडीचा विषय शहरी छंदाचा म्हणून बाजूला सारण्याआधी ही ट्रॉली डोळ्यांसमोर आणावी, ही विनंती.

परदेशांतही याची उत्तरे शोधली गेली आहेत. जर्मनीत धोकादायक ठरू शकेल असा बदल केला की गाडीचा परवाना संपतो, पण तज्ज्ञाकडून त्या एकाच गाडीची तपासणी करून तो परत मिळवता येतो. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतल्या बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठा बदल मान्यताप्राप्त अभियंत्याने प्रमाणित करावा लागतो. न्यूझीलंडची पद्धत मला सर्वांत जास्त पटते. तिथे कमी संख्येने बनणाऱ्या आणि बदललेल्या वाहनांसाठी वेगळे प्रमाणक नेमलेले आहेत, आणि तपासून पास झालेल्या गाडीवर कोणते बदल झाले ते कोरलेली धातूची पट्टी कायमची लावतात. पुढच्या मालकाला, पोलिसाला, विमा कंपनीला ती वाचता येते. या देशांनी बेफिकिरीला मोकळीक दिलेली नाही. त्यांच्याकडच्या अटी आपल्या बंदीपेक्षा जास्त तपशिलात जातात, कारण काय तपासायचे ते त्यांनी लिहून ठेवले आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो यंत्रणेचा : आरटीओ कार्यालयांना रोजची कामे झेपत नाहीत, त्यांनी वेल्डिंग कुठून तपासावे? खरे आहे, त्यांनी तपासूच नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली नव्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत : पुण्याची एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. त्यांनी निकष लिहावेत आणि खासगी प्रयोगशाळांना मान्यता द्यावी. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सांध्यांची तपासणी हे रोजचे काम आहे. डीपी टेस्ट, म्हणजे डाय पेनिट्रंट तपासणी, याला मोठे यंत्रही लागत नाही. सांधा स्वच्छ करायचा, लाल रंगाचे द्रव फवारायचे, दहा-पंधरा मिनिटे थांबून पुसायचे, वर पांढरी पूड मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते, आणि ती पाहायला इंजिनीअर असावे लागत नाही. ही तपासणी फक्त वरपर्यंत आलेले तडे दाखवते, आतल्या पोकळ्या नाही, म्हणून भार पेलणाऱ्या मुख्य सांध्यांना अल्ट्रासॉनिक तपासणी लागेल. हाउसिंगचा सरळपणा लेथवर डायल गेजने मोजता येतो. आरटीओने फक्त अहवाल पाहावा आणि नोंद करावी, जसे ते सीएनजीच्या बाबतीत करतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एक दार उघडले की त्यातून सगळेच घुसतील, कागद विकत मिळतील आणि रस्ते अधिक धोकादायक होतील. या भीतीला आधार आहे, म्हणून माझ्या मागणीत परवानगीइतकीच मनाईही आहे, आणि ती आजच्यापेक्षा स्पष्ट आहे. शाफ्ट, स्टिअरिंग नकल, टाय रॉड, स्टिअरिंगचे हात यांना वेल्डिंग केलेली गाडी रस्त्यावर येताच कामा नये. त्यांना कोणतीही तपासणी पास करू शकत नाही असे नियमात लिहा. डिफरन्शियलचे आतले दाते वेल्ड करून दोन्ही चाके कायमची जखडण्याचा स्वस्त प्रकारही डांबरी रस्त्यावर बंदच हवा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, जखडलेल्या ॲक्सलला ते जमत नाही, मग टायर घासटत जातो, गाडी सरळ जाऊ पाहते आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. चिखलात उपयोगी पडणारी ही गोष्ट ओल्या घाटरस्त्यावर जीवघेणी ठरते. ज्याला चाके जखडायची आहेत त्याला गरजेपुरते जखडणारे आणि सोडणारे लॉकर मिळतात, फोर्स गुरखासारख्या गाडीत ते पुढे-मागे कारखान्यातूनच येतात. फक्त स्पर्धेसाठी बांधलेल्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा भरते. तिथे आयोजकांनी तपासणी करावी, रस्ता वापरण्याचा हक्क त्या गाड्यांना नसावा. अशी नावानिशी मनाई असेल तर अधिकाऱ्याला नेमके काय पाहायचे ते कळते. आज त्याच्या हातात 'बदल' हा एकच शब्द आहे, आणि तो रंगीत फिल्मपासून वेल्ड केलेल्या शाफ्टपर्यंत सगळ्याला लागू पडतो.

तिसरा आक्षेप खुद्द ऑफ-रोडवाल्यांकडून येईल, आणि मी त्यांच्याशीही स्पष्ट बोलतो. ते म्हणतील, जीप अशीच दुरुस्त होत आली आहे, हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांनी जुन्या जीप जोडून जोडून पिढ्या काढल्या, डोंगरातल्या ड्रायव्हरांनी शाफ्ट वेल्ड करून गाड्या घरी आणल्या, त्यांना कोणी अहवाल मागितला नाही. अडलेल्या जागी जीव वाचवण्यासाठी केलेला जुगाड आणि ताशी ८० किलोमीटरने शाळेच्या बसला ओलांडणारी गाडी यांत फरक केला पाहिजे. डोंगरातून ताशी दहाच्या वेगाने गावापर्यंत आणलेला शाफ्ट गावात पोचल्यावर बदलायचा असतो. राहिला खर्च. तपासणीला पैसे पडतील, हे खरेच आहे. पण चार मोठ्या टायरांना आणि विंचला जो खर्च मालक आनंदाने करतो, त्यापुढे दोन-चार सांध्यांची तपासणी हा अडवणारा खर्च नाही. घरीच काम करण्याच्या हक्काची बाजू मी मनापासून घेतो. आपल्या हाताने ॲक्सल उघडणारा माणूस गाडी जितकी ओळखतो तितकी शोरूममध्ये चावी घेणारा ओळखत नाही. पण हा हक्क काम करण्याचा आहे, ते न दाखवण्याचा नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. एका गाडीपुरत्या मान्यतेची तरतूद करावी आणि तिची सुरुवात फक्त ॲक्सल हाउसिंगपासून व्हावी, कारण तिथे निकष लिहिणे सोपे आहे. काम सुरू करण्याआधी मालकाने आराखडा आणि टायरचा आकार कळवावा. वेल्डर परीक्षा दिलेला असावा. अंगणात मालकाने स्वतः काम केले असेल तर त्याने त्याच जाडीच्या नळीवर तसाच नमुना-सांधा मारून तो कापून दाखवावा, म्हणजे लोखंड मुळापर्यंत एकजीव झाले की नुसते वर चढले ते दिसेल. सांध्यावर रंग तपासणीनंतरच चढावा आणि तपासणी ४८ तासांनीच व्हावी. मोठ्या टायरना मूळ ब्रेक पुरतात का, याची प्रत्यक्ष चाचणी व्हावी. नोंदणी प्रमाणपत्रावर बदलाची नोंद आणि हाउसिंगवर कोरलेली पट्टी असावी. ज्यांनी आधीच बदल केले आहेत त्यांना दंडाशिवाय गाडी तपासून घेण्यासाठी वर्षभराची मुदत मिळावी, नाहीतर आज रंगाखाली लपलेले सांधे तसेच धावत राहतील.

शेवटची एक गोष्ट. अशा नियमांचे मसुदे हिंदी आणि इंग्रजीत निघतात आणि त्यांवर हरकती मागवल्या जातात. हा मसुदा मराठी, पंजाबी, मल्याळम, कन्नड अशा भाषांतही काढावा. ज्याच्या हातातल्या रॉडविषयी हे सगळे आहे, तो भोसरीचा वेल्डर आणि मडगावचा टर्नर हरकत लिहून पाठवू शकला, तर कैचीचे रन किती इंचांचे असावेत आणि निकेलच्या रॉडला गोळा आधी किती तापवावा, हे मंत्रालयाला त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगणार नाही.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक नागरिक